मुकं पाणी

प्रयोगशाळेत तिला सगळे टेलिफोन म्हणत. त्या काळी आम्लाच्या द्रावणातून वीज किती वाहते हे मोजायचं यंत्र काही आपणहून आकडा दाखवत नसे. लांब लाकडी फळीवर ताणलेली तार, तारेवर सरकणारी पितळी पट्टी, कोपऱ्यात एकसुरी गुणगुणणारा डबा, आणि ती गुणगुण ऐकायला कानाला लावायचा काळा टेलिफोन. पट्टी सरकवत जायचं. आवाज बारीक होत होत जिथं विझल्यासारखा होतो तिथं थांबायचं आणि ती खूण टिपायची. केसभर पुढं गेलं की आवाज पुन्हा चढायचा. सगळा खेळ कानाचा. आणि तिचा कान असा तिखट, की शेजारच्या टेबलावरचा लंबू म्हणायचा, "हिच्या पाठीमागं काही बोलायचं असेल तर बाबांनो, गावाबाहेर जाऊन बोला."

लंबू तिच्याच बरोबरीचा. वरच्या फळीवरची बाटली स्टूल न घेता काढायचा म्हणून लंबू. जीभही त्याच मापाची.

दोघांचे मार्गदर्शक एकच, विभागाचे प्रमुख, मोठे सर. सरांनी तरुणपणी एक नवं सौम्य आम्ल बनवलं होतं. त्याचं खरं नाव उच्चारताना दमछाक व्हायची, म्हणून सगळे त्याला 'सरांचं आम्ल' म्हणत. सौम्य आम्ल म्हणजे पाण्यात गेल्यावर सगळंच्या सगळं फुटत नाही असं. थोडं फुटतं, बाकीचं तसंच अखंड राहतं. किती फुटतं याचा जो ठरलेला आकडा असतो तो त्या आम्लाचा विचरण स्थिरांक. सरांनी आपल्या आम्लाचा स्थिरांक मोजला होता, तो आकडा पुस्तकात गेला होता, आणि सरांचे केस पांढरे झाले तरी तो तिथंच होता. एक पूर्णांक एकसष्ट. त्यापुढची दहाच्या घातांची शेपटी कुणी बोलत नसे. 'एकसष्ट' म्हटलं की झालं.

या प्रयोगशाळेची एक रीत होती. नव्या माणसानं आपलं काम सुरू करण्याआधी सरांच्या आम्लाचा स्थिरांक मोजायचा. एकसष्ट आला की यंत्र ठीक, हात ठीक, माणूस ठीक. मग भिंतीवरच्या फळ्यावर तो आपल्या हातानं आकडा लिहायचा आणि त्या दिवशी खास चहासाठी राखलेल्या मोठ्या चंचुपात्रात सगळ्यांचा चहा व्हायचा. फळ्यावर एकाखाली एक एकसष्टच एकसष्ट होते. वेगळ्या वळणांचे, वेगळ्या माणसांचे, पण एकसष्ट.

तिचाही आकडा जुळत होता. पंचाईत तिथंच होती.

तिनं आम्लाची द्रावणं केली होती, दाट, मग पातळ, मग आणखी पातळ. शिकवल्याप्रमाणं आधी नुसत्या पाण्याची वाहकता मोजली आणि प्रत्येक आकड्यातून ती वजा केली. 'पाणी वजा करणं' हे तिथं हात धुण्याइतकं अंगवळणी पडलेलं. सरासरी काढली, तर एकसष्टच्या उंबऱ्यावर आली. पण सरासरीच्या पोटात काय होतं? दाट द्रावणाचा आकडा मोठा, पातळ कराल तसा लहान, अगदी पातळाचा तर पार घसरलेला. जिना उतरावा तसे.

"स्थिरांक म्हणतात ना याला?" ती लंबूला म्हणाली. "मग स्थिर का राहत नाही?"

"सरासरी घेतलीस ना? जुळतंय ना? मग चहा टाक."

"तुझे घसरले नव्हते?"

लंबूनं इकडंतिकडं पाहिलं. "माझे पहिल्यांदा जुळलेच नाहीत. दुसऱ्यांदा नाहीत, तिसऱ्यांदा नाहीत. मग जुळले. जुळेपर्यंत मोजायचं आणि जुळलं की थांबायचं. बाई, यालाच संशोधन म्हणतात."

"याला जुळवाजुळव म्हणतात."

"तेच ते. लग्नं नाही का जमत अशीच?"

तिनं चहा टाकला नाही. ती ते आकडे डोक्यात घेऊन हिंडत राहिली. जेवताना, बसच्या रांगेत, कपडे वाळत घालताना. घसरतात का? आणि एका दुपारी, घरी शिवणकाम करणाऱ्या आत्याकडं कपडे शिवायला टाकायला आलेल्या बायकांचा गलबला ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं. एका बाईचं छोटं पोर कोपऱ्यात एकटं बसून मोठ्यानं बडबडत होतं. तेवढ्यात त्याचा दणदणीत आवाजाचा मामा न्यायला आला आणि पोर चिडीचूप झालं. आता घरातला आवाज मोजायचा आणि त्यातून पोराची बडबड वजा करायची, तर ती करणार कशी? मामा आला तेव्हाच ती थांबली होती. जे नाहीच ते वजा केलं तर मामाचाच आवाज कमी भरायचा.

पाण्याचं तेच होतं. डिस्टिल्ड वॉटर कितीही शुद्ध म्हटलं तरी ते हवेतला कार्बन डायऑक्साइड पीत राहतं आणि त्याचं थोडंसं कार्बोनिक आम्ल होतं. ते पाण्यात एकटं असताना फुटतं आणि वीज वाहून नेतं. पण त्याच्यापेक्षा तीव्र आम्ल आत आलं की ते गप्प बसतं, फुटायचं थांबतं. मग पाण्याचं म्हणून जे वजा करतो ते मुळात तिथं नसतंच. दाट द्रावणात एवढंसं वजा केल्यानं काही बिघडत नाही. पातळ द्रावणात तेच डोंगराएवढं होतं. म्हणून जिना.

तिनं पाणी वजा न करता हिशोब पुन्हा मांडला. आकडे सपाट झाले. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच, एक पूर्णांक चौऱ्याहत्तर.

ती सरांच्या खोलीत गेली. सर खुर्चीत ताठ बसले होते. सर नेहमीच ताठ बसत. त्यांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"पाणी वजा केलेलं नाही."

"नाही सर. करायचं नसतं म्हणून."

"करायचं नसतं?" सर हसले. रागावले असते तर बरं, असं ते हसणं. "माझ्या गुरूंनी मला पाणी वजा करायला शिकवलं. मी इतक्यांना शिकवलं. फळा पाहिलास? इतक्यांनी मोजलंय ते."

"मोजलं नाही सर. जुळवलंय."

शब्द तोंडातून गेला आणि मग तिला त्याचं वजन कळलं. पण गेलेला शब्द तिनं परत बोलावला नाही. सरांनी कागद तिच्याकडं सरकवला.

"सिद्ध कर," ते म्हणाले. "कागदावर नको. पाण्यात."

आता हे ते तिला वाटेला लावायला म्हणाले, की खरंच म्हणाले, हे तिला कधी कळलं नाही. तिनं मात्र ते खरं धरलं. तिनं डिस्टिल्ड वॉटर खळाखळा उकळलं, आतला सगळा वायू निघून जाईपर्यंत. ते निवताना त्यातून हवा सोडली, तीही चुन्याच्या नळीतून काढलेली. चुन्यानं कार्बन डायऑक्साइड आधीच गिळलेला. घट्ट बुचाच्या बाटलीत ते भरलं. वाहकता मोजायला बसली, तर पाण्यातून वीज जवळजवळ वाहीचना. कार्बोनिक आम्लच नाही, तर बडबडणार कोण? लंबूनं टेलिफोन कानाला लावून पाहिला आणि म्हणाला, "हे तर मुकं पाणी."

तेव्हापासून बाटलीवर तेच नाव पडलं. मोठं नाजूक प्रकरण होतं ते. बूच काढून जवळ कुणी श्वास सोडला तरी पाणी पुन्हा बोलायला लागायचं. बाटली उघडली की ती नाकातोंडाला फडकं बांधायची आणि लंबूला लांब पिटाळायची.

"तुझ्या गप्पांनी पाणी आंबतं."

"माझ्या गप्पांनी भल्याभल्यांची डोकी आंबलीत, पाण्याची काय कथा!"

मुक्या पाण्यात तिनं सरांच्या आम्लाची द्रावणं केली. आता वजा करा नाहीतर करू नका, फरक पडेना. वजा करायला काही होतंच कुठं? आकडा आला चौऱ्याहत्तर. दाटात चौऱ्याहत्तर, पातळात चौऱ्याहत्तर.

तिचा प्रबंध मुळात सरांच्या आम्लाच्या भावंडांवर होता, तशाच घडणीच्या इतर आम्लांवर. त्यांचे स्थिरांकही तिनं मुक्या पाण्यात मोजले, सगळा प्रबंध लिहून काढला, टंकून घेतला आणि सहीसाठी सरांपुढं ठेवला. मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध दाखल होत नसे. प्रबंध दाखल झाला तर पदवी, पदवी मिळाली तर प्रयोगशाळेतली नोकरी कायम. नाहीतर सत्र संपताच घरी. सगळं त्या एका सहीवर अडलेलं.

सरांनी प्रबंध दोन दिवस ठेवून घेतला. मग तिला बोलावलं. आवाज मऊ होता.

"काम चांगलं आहे. भावंडांचे आकडे राहू देत. फक्त पहिलं प्रकरण गाळ. माझ्या आम्लाचं. त्याची गरज काय? प्रबंध इतरांवर आहे."

"सर, यंत्र ठीक आहे हे त्या प्रकरणावरून कळतं."

"यंत्र ठीक आहे हे मी सांगतो ना. ते गाळ. मी सही करतो. आत्ता, इथं."

सरांनी पेनाचं टोपणही काढलं. ती त्या पेनाकडं पाहत राहिली. खोटं लिही असं कुणी म्हणत नव्हतं. फक्त खरं लिहू नको म्हणत होते.

"विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि बाहेर आल्याबरोबर तिला स्वतःचा राग आला. विचार कसला करायचा होता?

घरी आत्या शर्टाला काज करत बसली होती. आईवडिलांमागं आत्यानंच तिला वाढवलं, शिवणयंत्राच्या जिवावर.

"काय, केली का सही तुझ्या त्या म्हाताऱ्यानं?"

"नाही."

"का गं? काय घोडं अडलं?"

तिनं सांगितलं. आम्ल, पाणी, पोर, मामा, सगळं. आत्यानं काज न थांबवता ऐकलं.

"म्हणजे त्याचा आकडा आणि तुझा आकडा, फरक केवढा?"

"शंभरात आठ."

"शंभरात आठासाठी तू नोकरी घालवणार? बयो, मी गिऱ्हाइकाला कमरेचं माप सांगताना दोन बोटं कमीच सांगते. तिला बरं वाटतं, माझं काय जातं?"

"आणि कापताना?"

आत्याची सुई थांबली. "कापताना खरंच माप घ्यावं लागतं. नाहीतर पहिल्यांदा खाली वाकली की उसवेल ना."

"प्रबंध म्हणजे कापणं आहे, आत्या. सांगणं नाही."

"जिभेला काही हाड?" आत्या भडकली. "बापावर गेलीस! तोही असाच. मोडेन पण वाकणार नाही. मोडला शेवटी."

"वाकला नव्हता ना पण?"

"नव्हता. म्हणून तर तू माझ्या पदरात पडलीस." आत्यानं दातानं दोरा तोडला. मग ती म्हणाली, "जेवून घे. भांडायचं असेल तर भरल्या पोटानं भांडावं."

दुसऱ्या दिवशी ती प्रयोगशाळेत लवकर गेली. फडकं झटकलं, खडू घेतला आणि फळ्यावर एकसष्टांच्या त्या रांगेखाली लिहिलं, १.७४. ठळक, लांबून वाचता येईल असं. मग चहाचं चंचुपात्र काढून घासलं, बर्नरवर ठेवलं आणि सगळ्यांचा चहा टाकला.

लंबू आला आणि दारातच थबकला. आधी फळा पाहिला, मग चहा.

"टेलिफोन, डोकं फिरलं का तुझं? पूस ते. सर यायची वेळ झाली."

"म्हणून तर आत्ता लिहिलं."

"अगं, आकडा जुळल्यावर चहा करतात. न जुळल्याचा चहा कुणी पाजल्याचं ऐकिवात नाही."

"मग ऐक. आणि कप मांड."

लंबूनं कप मांडले. चहा उकळून वर आला आणि त्याच क्षणी सर आत आले. चहाचा वास खोलीभर पसरलेला, त्यांनी सवयीनं विचारलं, "अरे वा, कुणाचा जुळला?"

"कुणाचाच नाही सर," ती म्हणाली. "पण चहा केलाय."

सरांनी फळ्याकडं पाहिलं. फडकं फळ्याच्या कडेलाच लटकत होतं, त्यांच्या हाताच्या अंतरावर. लंबू नंतर सांगायचा, की त्यानं तेवढ्या वेळात तीन देवांना नवस बोलून टाकले.

सरांनी फडकं घेतलं नाही. कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या आणि ते यंत्रापाशी येऊन बसले.

"द्रावण भर," ते म्हणाले. "तुझ्या त्या पाण्यातलं."

तिनं तोंडाला फडकं बांधलं, द्रावण भरलं, भांडं पंचवीस अंशांच्या टाकीत सोडलं. सरांनी टेलिफोन कानाला लावला आणि पितळी पट्टी सरकवायला सुरुवात केली. हात तिच्याहूनही हलका होता. जुना, कसलेला हात. पट्टी पुढं गेली, मागं आली. पुन्हा पुढं. गुणगुण जिथं विझायला हवी ती जागा तिला तारेवर नजरेनं माहीत होती. पट्टी त्या जागेवरून गेली आणि थांबली नाही. परत आली, पुन्हा ओलांडून गेली. सरांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी टेलिफोन दुसऱ्या कानाला लावला. पट्टी पुन्हा त्या जागेवरून निघून गेली.

तिला कळलं. सरांच्या कानाला ती बारीक गुणगुण आता पकडता येत नव्हती. लंबू उगाच कप सारखे करू लागला.

सरांनी टेलिफोन काढून तिच्या हातात दिला.

"तू ऐक," ते म्हणाले. "मी लिहितो."

ती ऐकत गेली, खुणा सांगत गेली. सर कागदावर लिहीत गेले. दाट, पातळ, आणखी पातळ. शेवटी मुकं पाणी एकटं. मग सरांनी स्वतः हिशोब मांडला. सवयीप्रमाणं पाणी वजा केलं, आणि पेन थांबलं, कारण आकडा तसूभरही हलला नव्हता. त्यांनी सगळी बेरीज वजाबाकी पुन्हा तपासली. कपांतल्या चहावर साय धरली होती.

"सही मी करणार नाही," सर कागदावरून नजर न उचलता म्हणाले. "माझ्या आकड्याच्या विरुद्ध माझीच सही, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"मग मी बिनसहीचा देते."

"घेणार नाहीत. परत पाठवतील."

"पुन्हा देईन."

"पहिल्या प्रकरणासकट?"

"पहिल्या प्रकरणासकट."

सर उठले. कोट हातावर टाकला आणि फळ्यापाशी जाऊन उभे राहिले. खडू उचलला. तिला वाटलं, पुसणार नसतील तर काट मारतील.

"तापमान लिहिलेलं नाहीस," सर म्हणाले. "तापमानाशिवाय स्थिरांक म्हणजे पत्त्याशिवाय पाकीट. इतकं शिकवून हे?" आणि तिच्या चौऱ्याहत्तरपुढं त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, २५ अंश. खडू खाली ठेवला, गार झालेला एक कप उचलून उभ्या उभ्या संपवला, आणि निघून गेले.

दार बंद झालं तसा लंबू फळ्याकडं गेला आणि रांगेतला आपला एकसष्ट तळहातानं पुसला.

"काय करतोस?"

"पुन्हा मोजतो. दे तुझं पाणी."

"पाणीबिणी मिळायचं नाही. स्वतः उकळ. आणि उकळताना गप्प बस."

प्रबंध घेऊन ती कार्यालयात गेली तेव्हा आत्या तिच्याबरोबर होती. मी कशाला येऊ, मला काय कळतं, असं घरी दहादा म्हणून झालं होतं. निघायच्या वेळी मात्र ती शिवणाची पिशवी घेऊन दारात तयार उभी. खिडकीतल्या कारकुनानं शेवटचं पान उलटलं.

"मार्गदर्शकांची सही?"

"नाही केली त्यांनी."

"मग घेता यायचं नाही."

"घेता येत नाही, असं कागदावर लिहून द्या. कारणासकट."

"असं लिहून देत नाहीत, बाई."

"मग घ्या."

कारकून चाचरला आणि वरिष्ठांना विचारायला आत गेला. बाहेरच्या बाकावर आत्यानं ऐसपैस बैठक मारली, पिशवीतून अर्धवट शर्ट काढला आणि सुईत दोरा ओवला.

पुढं पुष्कळ झालं. प्रबंध एकदा परत आला, दुसऱ्यांदा परत आला. सत्र संपलं, नोकरी गेली. तिनं तेवढे महिने आत्याच्या यंत्रावर बसून परकर शिवले. शेवटी दुसऱ्या एका संस्थेतल्या बाईंनी सगळं पहिल्यापासून वाचलं, स्वतः पाणी उकळून पाहिलं आणि सही केली. पहिल्या प्रकरणासकट. पण ते सगळं नंतर. त्या दिवशी कारकून बाहेर आला तो हात हलवतच.

"साहेब जेवायला गेलेत. केव्हा येतील सांगता येत नाही. तुम्ही उद्या या."

"कशाला उद्या?" आत्या मान वर न करता म्हणाली. "अजून दोन्ही बाह्या राहिल्यात माझ्या. जेवू दे त्यांना सावकाश. बयो, जरा सरक तिकडं, उजेड अडतोय."